"घंटागाडीत सगळे एकत्रच जाते" हे कारण आता पुरे झाले

कृष्णाकाठ:
'गावभागकर' यांनी परवा येथे लिहिले की, घरात ओला आणि सुका कचरा वेगळा करणे हे निव्वळ मनाचे समाधान आहे, कारण दोन डब्यांत जपून ठेवलेला कचरा शेवटी घंटागाडीत एकाच ढिगावर पडतो. तेव्हा सुशिक्षितांनी ही धडपड सोडून द्यावी. त्याखाली अनेकांनी सहमती दर्शवलेली पाहून मला राहवले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

गाडीत कचरा एकत्र होताना मीही पाहिला आहे. परंतु जे घराबाहेर जातच नाही, ते गाडीत एकत्र कसे होईल? आमच्या चार माणसांच्या घरात भाजीची देठे, साली, चहाचा चोथा आणि खरकटे मिळून रोज किलोभर तरी निघते, आणि गेली सहा वर्षे ते गच्चीवरच्या भोके पाडलेल्या दोन पिंपांत जाते. प्रत्येक थरावर ओंजळ-दोन ओंजळी वाळका पाला टाकायचा, आठवड्यातून एकदा काठीने वरखाली करायचे आणि सुरुवातीला विरजण म्हणून थोडे शेणाचे पाणी किंवा आंबट ताक शिंपडायचे, एवढाच खटाटोप आहे. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडला तर ओल बरोबर. धार लागली तर पाला वाढवायचा. दुसरे पिंप भरेपर्यंत पहिल्यात काळेभोर खत तयार झालेले असते. ओले वेगळे झाल्यामुळे रद्दी, पुठ्ठे आणि धुतलेल्या दुधाच्या पिशव्या कोरड्या राहतात आणि भंगारवाला त्या आनंदाने नेतो. खरकट्याने माखलेल्या पिशवीला तो हात लावत नाही. गाडीसाठी उरते ती आठवड्याला एक लहान पिशवी.

तोच भाजीपाला सांगलीच्या समडोळी रस्त्यावरच्या किंवा मिरजेच्या बेडग रस्त्यावरच्या कचरा डेपोत ढिगाखाली दाबला गेला, की हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. आपण पाच मिनिटे वाचवायची आणि त्या ढिगाचा वास व धूर शेजारच्या वस्तीने सोसायचा, हे मला मान्य नाही.

गावभागकर:
माझ्या लिखाणातले सोयीचे तेवढे वाक्य आपण उचलले आहे. वर्गीकरण वाईट आहे असे मी म्हटलेले नाही. त्याचे ओझे चुकीच्या खांद्यावर टाकले जाते, असे म्हटले होते. आपल्याकडे गच्ची आहे. मी दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो, तेथे पिंप ठेवायला चार फूट मोकळी जागा नाही, आणि एकदा बादलीत प्रयोग केला तेव्हा अळ्या झाल्याबरोबर घरमालकांनी ती रस्त्यावर नेऊन ठेवली.

२०१६ च्या घनकचरा नियमांनुसार दिवसाला सरासरी शंभर किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्यांनी आपल्या ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावायची होती. एकाही मंगल कार्यालयाच्या मागे मला खतखड्डा दिसलेला नाही. गेल्या वैशाखात माझ्या पुतणीच्या लग्नात पाण्याच्या अर्धवट प्यालेल्या लहान बाटल्यांनी अकरा पोती भरली. ती मी स्वतः बांधली आहेत. त्या एका दुपारच्या कचऱ्याची भरपाई करायला माझ्या घराला किती वर्षे साली जिरवत बसावे लागेल, याचा हिशेब आधी मांडा आणि मग मला शिकवा.

मिरजेची लेक:
दोघांच्याही लिखाणात "करायचे", "टाकायचे", "धुवायचे" असे आहे. कोणी करायचे, ते कोठेच नाही. आमच्या घरी हे व्रत सासऱ्यांनी घेतले, आणि दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणे, देठे बारीक चिरणे, पिंप ढवळणे ही कामे मात्र सासूबाईंच्या आणि माझ्या वाट्याला आली. नोकरीवरून सातला घरी येऊन मी कचऱ्याची उस्तवार करते. कचरा कमी झाला, हे खरे आहे. काम कमी झाले नाही, ते फक्त गाडीवरून माझ्याकडे आले.

कुपवाडचा कारकून:
ताई, अगदी हेच कार्यालयातही घडते. आमच्याकडे बावीस माणसे, दोन वेळा चहा आणि महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला अकराशे कागदी कप. मी पुढाकार घेऊन प्रत्येकाला घरून स्टीलचा पेला आणायला लावला आणि तीन महिने एकही कप विकत घेतला नाही. ज्यांना कागदी कप निरुपद्रवी वाटतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे की त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. गरम पाणी अशा कपात पंधरा मिनिटे राहिले, तर शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात, असे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. तो थर सोडवणे अवघड असल्याने भंगारवालाही हे कप घेत नाही.

मिरजेची लेक:
ते चव्वेचाळीस पेले रोज कोण धूत होते?

कुपवाडचा कारकून:
झाडलोट करणाऱ्या मावशी धूत होत्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मिरजेची लेक:
तक्रार केली नाही, कारण त्यांची नोकरी तुमच्या हातात आहे. त्यांचा पगार वाढवला का? नसेल, तर तुमच्या त्या तीन महिन्यांचे श्रेय त्यांचे आहे, आणि आपण ते स्वतःच्या नावावर मांडत आहात, याचा मला संताप येतो.

टपरीवाल्याचा मुलगा:
मार्केट यार्डाजवळ माझ्या वडिलांनी तीस वर्षे काचेच्या पेल्यांत चहा विकला. करोनानंतर गिऱ्हाईकच काचेचा पेला नाकारू लागले. एकाच बादलीत बुडवून काढलेले पेले त्यांना नको होते आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु स्वच्छ धुवायचे तर वाहते पाणी हवे, आणि टपरीला नळ कोण देणार? शिवाय पेले फुटतात आणि धुणाऱ्या माणसाची मजुरी द्यावी लागते. "कागदी कप बंद करा" असे लिहिणाऱ्यांपैकी एकही जण आजवर स्वतःचा पेला घेऊन आमच्याकडे आलेला नाही. जो आणेल त्याला वडील काठोकाठ भरून देतील, हे मी येथे लिहून देतो.

गावभागकर:
हेच मी सांगत होतो! नळ नाही, जागा नाही, मजुरी नाही, आणि दोष मात्र सामान्य माणसाला.

कृष्णाकाठ:
नाही, आपण हे सांगत नव्हता. आपण "सोडून द्या" म्हणत होता. या मुलाचे वडील नळ मागत आहेत आणि पेलाही भरून देत आहेत; यांतली एकही गोष्ट सोडून देणे नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि ओसरल्यावर आमच्या अंगणातल्या चिखलातून मी दोन दिवस पिशव्या उपसल्या. त्या कोणाच्या, हे त्यांच्यावर लिहिलेले नव्हते.

कराडकर:
आमचे शहर २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिले आले. यंत्रणेने मनावर घेतल्याशिवाय असा क्रमांक मिळत नाही, हे गावभागकरांचे म्हणणे मी मान्य करतो; परंतु दारात डबा वेगळा मिळाला नाही, तर यंत्रणाही हात टेकते.

कुपवाडचा कारकून:
ताईंच्या शब्दांनी मला वाईट वाटले, तरी उत्तर देणे भाग आहे. आज मावशींना विचारले. पेल्यांमुळे त्यांची साडेपाचची गाडी चुकत होती आणि हे मला तीन महिने ठाऊक नव्हते. उद्यापासून आपला पेला आपणच विसळायचा, असे ठरवले आहे. वरिष्ठांनी नकार दिला आहे. त्यांच्यासाठी कागदी कपाचे एक पाकीट ठेवावे लागेल.

मिरजेची लेक:
वरिष्ठांचे पाकीट मला पटलेले नाही. बाकीचे ठीक आहे.

गावभागकर:
मंगल कार्यालयांविषयीची आणि गाडीविषयीची माझी तक्रार मी मागे घेत नाही. घरमालकांनी गच्ची वापरू दिली, तर एक पिंप ठेवून पाहीन, तेही केवळ आपण इतके लिहिले म्हणून. मात्र पावसाळ्याचे चार महिने वाळका पाला कोठून आणायचा, हे आपण कोठेच सांगितलेले नाही.

कृष्णाकाठ:
ते राहून गेले, हे खरे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला पडणारा पाला मी पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवते. तो संपला की नारळाच्या शेंड्या कातरून टाकते किंवा सुताराकडून रंग-पॉलिश न लागलेला भुसा आणते. अळ्यांनी घाबरू नका. त्या कचरा खातात आणि पाला वाढवला की कमी होतात. माझ्याकडे दोन पोती पाला शिल्लक आहे, रविवारी सकाळी येऊन घेऊन जा. पोती मात्र परत आणून द्या.