अनुभव धागा : पंखा कुठे आणि कशाला टांगायचा? (स्लॅब, माळवद, फरशी, पत्रा, पीओपी)

निवांत_दुपार
उन्हाळ्याआधीच धागा काढतेय. एकदा पारा ४२ वर गेला की सोलापुरात वायरमन हाताला लागत नाही, आणि मग घाईत कुणीही येऊन कसाही पंखा अडकवून जातो. जुळे सोलापूरचा फ्लॅट, पेठेतलं माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं छत), शहाबादी फरशीचं छत, पूर्व भागातली मागाची शेड, गच्चीवरची पत्र्याची खोली. पंखा तोच, टांगायची रीत दर ठिकाणी वेगळी. हे काम रोज हातानं करणाऱ्यांनी लिहावं. किस्से नकोत, मापं लिहा. काय बिघडतं आणि का, तेही येऊ द्या.

वायरमन_विजापूररोड
स्लॅबपासून सुरू करतो, काम जास्त तिथलंच असतं.

स्लॅब भरताना फॅन बॉक्स टाकला असेल तर त्यात १० ते १२ मिमी सळईचा हूक असतो आणि त्याचे पाय वरच्या जाळीत अडकवलेले असतात. जुना पंखा उतरवला की त्या हुकाच्या तळाच्या वळणावरून बोट फिरवा. पंखा ज्यावर लटकतो तो रबरी गुल्ला (रूळ) तिथंच घासतो. गुल्ला झिजून गेला की लोखंडावर लोखंड घासतं आणि सळईला खाच पडते. खाच नखाला लागली तर त्या हुकाला नवा पंखा लावू नका. वरच्या मजल्यावर गळती असेल तर हूक आतून गंजतो, बाहेरून रंग मारलेला असल्यानं कळत नाही. रंग खरवडून बघा.

हूक नसेल तर ६ मिमीची प्लेट आणि १० मिमीचे दोन डायनाबोल्ट (आवळला की भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट), कमीत कमी. एकावर भागवू नका. पंख्याचं वजन जेमतेम ४-५ किलो, पण बोल्ट सुटतो तो वजनानं नाही, दिवसाचे अठरा तास हलण्यानं. भोकासाठी बिट बोल्टच्या डब्यावर लिहिलेल्या मापाचाच घ्या, अर्ध्या मिमीनं मोठा झाला तरी बोल्ट नुसता गरगर फिरतो. भोकाची खोली गिलाव्याच्या आत स्लॅबमध्ये ६० मिमी. वरचा १०-१२ मिमी गिलावा त्यात धरायचा नाही. भोकातली भुकटी पंपानं उडवा. भुकटी राहिली की बोल्ट ताणल्यासारखा वाटतो आणि महिन्यानं सैल होतो. सळई लागली तर ड्रिल दाबत बसू नका, दोन इंच सरका. आणि फॅन पॉइंटकडून भिंतीकडे आत पाइप गेलेला असतो, त्या रेषेत भोक पाडायचं नाही.

प्लेट बसली की पंखा लावायच्या आधी २५-३० किलोचं पोतं तासभर टांगून ठेवा. खाली कुणी उभं राहायचं नाही.

मोजपट्टी
उंचीचं गणित राहिलं. बहुतेक कंपन्यांच्या पत्रकात पातं जमिनीपासून किमान २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ ८ फूट, आणि छतापासून किमान ३०० मिमी असं असतं. पातं छताला फार जवळ गेलं की वरून हवा ओढायला जागा राहत नाही. पंखा फिरतो, आवाज करतो, खाली वारा नाही.

साडेनऊ फुटी स्लॅबला सोबत आलेला १०-१२ इंची रॉड बरोबर बसतो. साडेआठ फुटी खोलीत मात्र दोन्ही अटी एकदम पाळताच येत नाहीत : २५९० मिमीतून २४०० गेले की वर १९० उरतात. तिथं रॉड कापून चढवतात. तसं करू नका. छताला चिकटून बसणारं बुटकं मॉडेल घ्या नाहीतर भिंतीवरचा पंखा लावा. माळा काढलेल्या खोलीत पातं माळ्यापासून दोन फूट तरी लांब हवं, वरून कुणीतरी गाद्या काढतच असतं.

खोलीप्रमाणे माप : १०×१२ ला १२०० मिमी. स्वयंपाकघराला ९००, आणि तोही ओट्यापासून लांब, गॅसवर धरला की ज्योत विझते किंवा भांड्याबाहेर जाते. २०×१२ च्या हॉलला मधोमध एक १४०० चा लावण्यापेक्षा १२०० चे दोन लावा. लांबीच्या भिंतींपासून नाही, आखूड भिंतींपासून पाच-पाच फुटांवर मध्य. म्हणजे दोघांत दहा फूट राहतात.

माळवदकरी
पेठांमधल्या जुन्या घरांबद्दल लिहितो, स्लॅबवाल्यांना हे माहीत नसतं.

माळवदात भार तुळईवर असतो. वर कड्या, त्यावर फळ्या, त्यावर पांढरी माती. फळीला किंवा कडीला पंखा कधीही नको. तुळईलाही खालून पिळाचा हूक फिरवून मोकळं व्हायचं नाही, जुनं सागवान असलं तरी. लाकूड कोरड्या उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि पंख्याच्या कंपनानं पिळाचा आटा लाकडातून खात खात बाहेर येतो.

आधी लाकूड तपासा. हातोडीनं ठोकत जा. टणक आवाज येत येत मध्येच पोकळ झाला की तिथं वाळवी आहे. टोच्या घुसवून बघा, पाव इंचापेक्षा जास्त सहज गेला तर ती तुळई सोडा. भिंतीत घुसलेली टोकं जरूर बघा, ओल तिथंच धरते.

तुळईवर कड्या आडव्या बसल्या असतील तर दोन कड्यांमध्ये तुळईच्या वर फट असते. तिथून ४० × ६ मिमीची पट्टी ओवून तुळईला पूर्ण वेढा घालायचा, खाली बोल्टनं आवळायची, तिलाच हूक. लाकडात एकही भोक नाही. फट नसेल तर तुळईच्या उंचीच्या बरोबर मध्यावर आडवं १२ मिमी भोक, आरपार बोल्ट, दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या पट्ट्या आणि तळाला त्यांना जोडणारी सळई. मध्यावरच का? तुळई वाकते तेव्हा तळ ताणला जातो आणि माथा दाबला जातो, मध्यावर दोन्ही सगळ्यात कमी. तळाच्या कडेला भोक म्हणजे तुळईला खाचच.

अंतर फळीपासून नाही, तुळईच्या तळापासून मोजा. पहिले काही दिवस माती झडते. पंख्यावर वर्तमानपत्र टाकून उपयोग नाही, वर फळ्यांच्या सांध्यांना पट्ट्या मारून घ्या.

फॅब्रिकेटर_अक्कलकोटरोड
गर्डर आणि शहाबादी फरशीचं छत. फरशीला फास्टनर मारू नका, एवढंच आधी. चुन्याचा दगड, थरांचा. ड्रिलच्या हादऱ्यानं थर सुटतो, कधी लगेच, कधी पंखा चालू झाल्यावर.

गर्डरच्या खालच्या पाकळीला (तळाच्या आडव्या पट्टीला) धरायचं. ६ मिमी प्लेटचे दोन आकडे, पाकळीच्या दोन्ही कडांना एकेक, मध्ये १२ मिमी बोल्टनं एकमेकांकडे आवळायचे. स्प्रिंग वॉशर आणि वर दुसरा नट. गर्डरला खालून भोक नको, वेल्डिंगही नको. भार असलेल्या जुन्या गंजक्या लोखंडावर टाका कसा बसला हे बघून कळत नाही. पंखा खोलीच्या मध्यापासून फूटभर सरकला तर सरकू द्या की, वारा तेवढाच लागतो.

पत्र्याच्या खोलीत दोन पर्लिनवर (पत्रा ज्यावर बसतो ते आडवे लोखंडी वासे) ४० × ४० × ५ ची अँगल आडवी टाकून तिला हूक. पत्र्यावर स्क्रू मारून लटकवलेला पंखा पहिल्या वादळी वाऱ्यात पत्र्यासकट थडथडतो. छत उतरतं असेल तर रॉड लांब लागतो. गणित सोपं आहे : १२०० च्या पंख्याचा अर्धा विस्तार ६०० मिमी. १५ अंशांच्या उतारावर ६०० मिमी पुढे गेलं की छत साधारण १६० मिमी खाली येतं. म्हणजे उतरत्या बाजूला ३०० मिमी मोकळे ठेवायचे तर हुकाखाली पातं ४६० मिमीवर हवं. सोबतचा रॉड तिथं पुरतच नाही. दोन फुटी घ्या, अखंड घ्या. दोन तुकडे जोडून वेल्ड केलेला रॉड दुकानात स्वस्त मिळतो, तो परत करा.

माग_मेंटेनन्स
मागाच्या शेडबद्दल भर घालतो. पंखा कामगार उभा राहतो त्या गल्लीवर हवा, ताण्यावर (मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर) नाही. ताण्यावर सरळ वारा आला की सूत कोरडं पडतं, धागे तुटायचं प्रमाण वाढतं आणि लव उडते ती वेगळीच.

लव ही पंख्याची खरी वैरी. मोटरच्या झरोक्यांतून आत जाऊन वाइंडिंगवर गादी धरते, उष्णता बाहेर पडत नाही, इन्सुलेशन जळतं. महिन्यातून एकदा पुरवठा बंद करून मऊ ब्रशनं झाडायचं. कॉम्प्रेसरची हवा मारली की लव आणखी आत जाते. माग आणि पंखा दोन्ही थरथरतात म्हणून इथं प्रत्येक बोल्टला डबल नट, आणि मोटरच्या वरच्या शॅकलपासून (यू आकाराच्या लोखंडी कड्यापासून) पर्लिनपर्यंत ४ मिमीचा स्टीलचा दोर थोडा ढिला बांधलेला. रॉड सुटला तर पंखा दोरावर राहील.

घर_नवं_पीओपी_नवं
पीओपीच्या छतात पंखा बसवायचाय. पीओपीवाला म्हणतो आतून प्लायवूड टाकून देतो, त्यावरच पंखा लागेल. चालेल का?

वायरमन_विजापूररोड
नाही चालणार ताई. ते प्लायवूड ज्या पत्र्याच्या फ्रेमवर बसतं ती फ्रेम स्वतःच बारीक पट्ट्यांवर लोंबतेय. झुंबरापुरतं ठीक, पंख्याला नाही. पंखा मूळ स्लॅबलाच. पीओपी आठ इंच उतरवली असेल तर १८ किंवा २४ इंची रॉड लागेल, आणि पातं पीओपीपासूनही फूटभर खाली. रॉडसाठीचं भोक रॉडपेक्षा अर्धा इंच मोठं ठेवायला सांगा आणि खालची वाटी (रॉडवरची झाकणासारखी टोपी) पीओपीला चिकटवू नका, ३-४ मिमी फट ठेवा. चिकटली की कंपन पीओपीत जातं आणि भोकापासून चारी बाजूंना बारीक तडे निघतात. हे सगळं पीओपी व्हायच्या आधी ठरवा. हूक, तार आणि रॉड आधी, पीओपी नंतर.

प्रकाशयोजना
आणि पीओपीतले गोल दिवे पात्यांच्या वर येऊ देऊ नका. पाती प्रकाश कापत राहतात, खोलीभर लुकलुक होते, वाचायला बसलं की डोकं दुखतं. १२०० च्या पंख्याला मध्यापासून ६०० मिमीच्या बाहेर, जरा जास्तच अंतर ठेवा.

कंडेन्सर_काका
आता वायरिंग. १.५ चौ. मिमी तांब्याची तार, ६ अँपिअरचा एमसीबी, अर्थ हवाच. स्विच आणि रेग्युलेटर फेजवर. जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर सापडतो. मग बटण बंद असूनही मोटरमध्ये फेज असतो आणि घोडीवर चढलेल्या माणसाला झटका बसतो. म्हणून नुसतं बटण नाही, एमसीबी पाडून काम. टेस्टर बंद लाइनवरही कधीकधी मिणमिणतो, मल्टिमीटर वापरा.

पंख्यातून तीन तारा येतात आणि रंगावर विसंबू नये. ओहमवर मीटर लावून तिन्ही जोड्या मोजा. ज्या दोघींत रीडिंग सगळ्यात जास्त, त्यांच्यामध्ये कंडेन्सर येतो. उरलेली तिसरी कॉमन, तिला न्यूट्रल. फेज कंडेन्सरच्या दोन टोकांपैकी एकाला. पंखा उलटा फिरला आणि वारा वर गेला, तर फेज दुसऱ्या टोकावर न्या, बस.

१२०० च्या साध्या पंख्याला बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, काहींना ३.१५. प्लेटवर असेल तोच घाला. "वेग वाढेल" म्हणून मोठा घालतात, वेग वाढल्यासारखा वाटतो आणि वाइंडिंग तापतं. पंखा गुणगुणतो पण हातानं ढकलल्याशिवाय फिरत नाही, किंवा पूर्वीपेक्षा हळू झाला, तर आधी कंडेन्सर बदलून बघा, मग रिवाइंडिंगचं बोला.

बीएलडीसी_बरा
काकांचं खरं, पण नव्या बीएलडीसी पंख्यांना (ब्रश नसलेली, आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डवर चालणारी मोटर) ही कंडेन्सरची भानगड नाही. बीएलडीसीत बाहेरचा कंडेन्सर नाही, तीन तारांचा घोळ नाही. साधा ७५ वॉट, हा ३० च्या आसपास. अठरा तास चालला तर रोज ०.८१ युनिट वाचतं, महिन्याला २४. पंख्यांना स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, तारे बघून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं तरी याचा वेग टिकतो.

चूक एकच होते, पण महागात पडते : जुना रेग्युलेटर लाइनमध्ये तसाच ठेवतात. रेग्युलेटर पूर्ण काढून सरळ स्विच. फुल्लवर ठेवला तरी चालत नाही, आतलं कार्ड जातं. आणि एका हॉलमध्ये एकाच मॉडेलचे दोन लावले तर एकाच रिमोटला दोघं ऐकतात, मग भांडणं.

मोजपट्टी
हलणाऱ्या पंख्याला लोक लगेच नाणी चिकटवतात. आधी स्क्रू आवळा. मग छतावर एका खुणेला पट्टी उभी धरा, पाती हातानं फिरवत एकेक टोक पट्टीसमोर आणा. तिन्ही मापांत ३-४ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर त्या पात्याचा दांडा वाकलाय. दुसरं माप टोकापासून टोकापर्यंत : १२०० च्या तीन पात्यांत ते तिन्हीकडे साधारण १०४० मिमी भरायला हवं. एक कमी, एक जास्त आलं तर पातं स्क्रूच्या भोकात सरकलंय. पाती कारखान्यात वजनानं जुळवून एका खोक्यात येतात. एक पातं मोडलं म्हणून दुसऱ्या पंख्याचं लावलं तर तो कधीच स्थिर होणार नाही. हे सगळं बरोबर असूनही हलला, तरच वजन चिकटवायचं, तेही पात्याच्या वरच्या बाजूला.

निवांत_दुपार
रॉडच्या बोल्टमधली ती केसांच्या पिनेसारखी तार कशासाठी? आमच्याकडे खोक्यात तशीच उरलीय.

वायरमन_विजापूररोड
ताई, आज पंखा चालू करू नका. ती स्प्लिट पिन. रॉडला वर हुकाशी एक बोल्ट, खाली मोटरशी एक बोल्ट, आणि दोन्हींच्या टोकाला एकेक पिन. नट कंपनानं फिरत फिरत सुटतो, पिन असली की तो बोल्टबाहेर पडू शकत नाही. घालून दोन्ही पाय विरुद्ध दिशांना वाकवायचे, एकच वाकवला तर निसटते. एक उरलीय की दोन, ते बघा. एकच उरली असेल तर वरची की खालची राहिली, ते वाटी सरकवून दिसेल. खाली मोटरशी एक बारीक आडवा स्क्रूही असतो, तो रॉडला घट्ट टेकलाय का बघा. जुनी पिन परत वापरू नका, दुसऱ्यांदा वाकवली की मोडते. हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते, बोल्ट सोबत घेऊन जा म्हणजे माप चुकणार नाही.