कंपन ‘अडवणे’ की ‘जिरवणे’?

एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतोय. आधीच्या भाषांतरात ‘डॅम्पिंग’ आणि ‘आयसोलेशन’ दोन्हींना ‘कंपन कमी करणे’ असंच लिहिलंय. वेगळे शब्द आहेत का? डॅम्पिंगला ‘अवमंदन’ ठाऊक आहे, पण तो वाचून फिटर पुस्तिका मिटून ठेवेल.

▪ वेगळे हवेतच, कारण कामं वेगळी आहेत. मी डॅम्पिंगला ‘जिरवणे’ म्हणतो, आयसोलेशनला ‘अडवणे’. पाण्याचंच बघा ना. अडवलेलं पाणी पलीकडे जात नाही, पण असतं तिथेच; जिरलेलं दिसेनासं होतं. यंत्राखाली स्प्रिंग घातली तरी यंत्र हलतंच, फक्त ती हालचाल जमिनीत उतरत नाही. पत्र्याला आतून डांबरी थर चिकटवला तर पत्र्याची थरथर त्या थरात जिरते, म्हणजे तिची उष्णता होते (हाताला कळणारही नाही एवढी).

एकच शब्द ठेवला की काय होतं ते पाहिलंय. मिनिटाला ४८० फेऱ्यांचा, म्हणजे सेकंदाला ८ फेऱ्यांचा मोठा पंखा होता. ‘कंपन कमी करण्यासाठी रबर’ एवढंच वाचून कोणीतरी खाली रबरी पॅड घातले. पंख्याच्या वजनाने ते ४ मिमी दबले. आता एवढ्या दबणाऱ्या बैठकीची स्वतःची वारंवारता (म्हणजे ती आपणहून सेकंदाला किती वेळा झुलते) येते साधारण ८ हर्ट्झ, सेकंदाला ८ वेळा! झालं, अनुनाद: दोघांचा ताल जुळला आणि झोके वाढत गेले. पंखा पहिल्यापेक्षा जास्त हादरायला लागला. २५ मिमी दबणाऱ्या स्प्रिंगा घातल्यावर बैठक ३ हर्ट्झच्या आसपास आली, तेव्हा कुठे जमिनीत जेमतेम पाचवा हिस्सा उतरायला लागला. यंत्राची वारंवारता बैठकीच्या १.४ पट होईपर्यंत ‘अडवणं’ सुरूच होत नाही. त्याच्या पुढे गेल्यावर जास्त जिरवायला जाल तर उलट अडवणं बिघडतं. यंत्र चालू-बंद होताना मात्र त्याचा वेग बैठकीच्या वारंवारतेवरून जातो, तेव्हा तेच जिरवणं सांभाळून घेतं. आता सांगा, दोन्हींना एक शब्द कसा चालेल?

▪ पटलं. ‘नॉइज’ला सरसकट ‘गोंगाट’ लिहू नका, एवढंच सुचवतो. गोंगाट हे ऐकणाऱ्याचं मत आहे, मीटरला ते कळत नाही. शिवाय कंपनाच्या नोंदीतला ‘नॉइज’ (नोंदीत मिसळलेली नको ती गडबड) कानाला ऐकूही येत नाही. ‘आवाज दुप्पट झाला’ हेही जपून लिहा: ८० डेसिबलची दोन सारखी यंत्रं मिळून ८३ होतात, १६० नाही.

बाकी रोजच्या बोलण्यात आपल्याकडे निम्मं निदान होऊनच जातं. खडखड म्हणजे काहीतरी सैल, करकर म्हणजे कोरडं घासतंय. ट्रान्सफॉर्मरची असते ती गुणगुण. ५० हर्ट्झच्या विजेवर ती १०० हर्ट्झची. ‘बेअरिंग वाजतंय’ म्हटलं की पुढे समजावून सांगावं लागत नाही.

▪ मूळ प्रश्नकर्ता: आभार. ‘जिरवण’ असं नाम नुसतं उभं केलं तर खटकतंय, म्हणून ‘कंप जिरवणारा थर’ आणि ‘कंप अडवणारी बैठक’ असं लिहितो. ‘अवमंदन’ पहिल्या उल्लेखापुरतं. ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’चं काय करू? ‘धक्काशोषक’?

▪ नको. धक्का स्प्रिंग घेते. हा गडी फक्त नंतरचे हेलकावे जिरवतो. इंग्रजी नावच चुकलेलं आहे, त्याचं भाषांतर कशाला? तसंच राहू द्या.