‘डिजिटल अरेस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

नागपुरात प्रतापनगरला आमच्या गल्लीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका काकू दोन दिवस अंगणातही दिसल्या नाहीत. घरात व्हिडिओ कॉल सुरू होता. पलीकडे वर्दीतला माणूस. तुमच्या आधार नंबरवर पार्सल गेलं, त्यात अमली पदार्थ सापडले, राष्ट्रीय सुरक्षेचा मामला आहे, मुलालाही सांगायचं नाही. फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवलेला. चहा ठेवायचा तोही कॅमेऱ्यासमोर. एफडी मोडून पैसे गेले, मग कॉल बंद झाला. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, ‘मले त्यायनं माह्याच घरात कोंडून ठेवलं रे.’

पेपरात मथळा आला : वृद्धा डिजिटल अरेस्टमध्ये.

काकूंचा ‘कोंडणं’ बरोबर आणि पेपरचा ‘अरेस्ट’ चूक, असं माझं मत आहे. अटक हा कायद्याचा शब्द. घटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटता येतं, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. फोनवरून अटक होतच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये कायद्यात अशी व्यवस्थाच नाही, असं सांगितलं. म्हणजे हा शब्द चोरांनी चालवला आणि आपण तो जसाच्या तसा छापतो. पुढच्या माणसाला तसा फोन आला की त्याला वाटतं, असं काहीतरी असतं खरं, पेपरात वाचलं होतं.

पर्याय शोधले. ‘ओलीस’ जमत नाही, कारण ओलीस एकाला धरतात आणि मागणी दुसऱ्याकडे करतात. ‘नजरकैद’ अर्थाने अगदी जवळ, कॅमेऱ्याच्या नजरेनेच तर कैद केलेलं असतं. पण नजरकैदही सरकारच करतं, म्हणजे चोराला पुन्हा सरकारी टोपी. कुणाला आणखी काही सुचतं का?

प्रतिसाद १

भाऊ, मी बँकेत काउंटरवर बसते. ‘तोतया’ का नाही? मराठी पेपर ‘तोतया पोलीस’, ‘तोतया अधिकारी’ वर्षानुवर्षं लिहितात. शब्दाला इतिहासही आहे. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा भलेभले त्याच्यामागे गेले होते. ‘तोतया अटक’ म्हटलं की पहिल्याच शब्दात खोटेपणा उघडा पडतो.

माझा राग मात्र दुसऱ्या शब्दावर आहे : ‘फसल्या’. चूक त्यांचीच असल्यासारखं ऐकू येतं. याच लाजेने माणसं आठ-आठ दिवस गप्प बसतात. खरं तर पहिले काही तास सोन्याचे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात पैसे थांबवता येतात. उशीर झाला की ते भाड्याने घेतलेल्या पाच-सहा खात्यांतून फिरून निघून जातात. म्हणून ‘फसल्या’ नको, ‘लुबाडलं’ म्हणा.

प्रतिसाद २

‘तोतया अटक’ आवडला, पण चालेल का? ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून जे प्रकरण हाती घेतलं, त्याच्या नावातच ‘डिजिटल अरेस्ट’ आहे. त्या प्रकरणात चोरांनी तर न्यायालयाचे बनावट आदेशही दाखवले होते.

काकूंना ज्याची भीती घातली तो ‘सुरक्षा’ शब्दही तपासायला हवा. सुरक्षा म्हणजे बंदोबस्त, सुरक्षितता म्हणजे माणसाला लाभलेली निर्धास्ती. बंदोबस्त वाढला म्हणून निर्धास्ती वाढेलच असं नाही. नागपूर पोलिसांच्या समाजमाध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीचं नाव ‘गरुडदृष्टी’. मार्च २०२५ मध्ये शहराच्या महाल भागात दंगल झाली, तेव्हा अफवांनी काय होतं ते आपण पाहिलं, त्यामुळे गरज मी नाकारत नाही. पण गरुड वरून पाहतो आणि खालच्याला ते कळत नाही. मराठीत याला ‘पाळत’ असा नेमका शब्द आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, तेव्हा पाळतीला पाळतच म्हणावं आणि तिचे नियम विचारावेत. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ ऐकताच प्रश्न विचारायचा नाही, ही सवय आपल्याला लागली आहे. काकूंच्या फोनवरच्या माणसाने या सवयीचाच फायदा घेतला.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. शेवटचा मुद्दा मला सुचला नव्हता. पेपरांनी निदान ‘तथाकथित’ तरी लावावं. आमच्या गल्लीपुरतं मी ‘तोतया अटक’ धरून चाललो आहे. काल वाचनालयाच्या फळ्यावर लावायला कागद लिहिला : ‘तोतया पोलिसांचा फोन आला तर कट करा, घरच्यांना सांगा, १९३० लावा.’ काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, ‘घरच्यांना सांगा’ उचलून पहिल्या ओळीत घ्यायला लावलं आणि आकडा मोठा काढ म्हणाल्या.