ईस्टर झाल्यावर विश्वास रोजच्या कामात कसा टिकवावा?

प्रश्न (सदर, नागपूर):
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. उपवासकाळाचे चाळीस दिवस मी रोज पहाटे शास्त्रवाचन केले, आणि पुनरुत्थानदिनाच्या पहाटेच्या उपासनेत मन भरून आले. परंतु दुसऱ्याच दिवशी इतवारीतील पेढीवर हिशेबाला बसलो आणि दुपारच्या आत एका हमालावर ओरडलो. आता तीन आठवडे झाले, वाचनही सुटले आहे. सारे आटोपल्यासारखे वाटते. आता रोज नेमके काय करावे?

उत्तर (निवृत्त शिक्षक):
काहीही आटोपलेले नाही. पुनरुत्थानाचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस चालतो. उपवासकाळापेक्षा आनंदाचा काळ मोठा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय सावकाश वाचा. प्रभू येशू मेलेल्यांतून उठल्याचे ठाऊक असूनही त्याचा शिष्य पेत्र मासे धरायला जातो, रात्रभर जाळे रिकामे राहते, आणि प्रभू त्याला मंदिरात नव्हे, तर तिबिर्याच्या समुद्रकाठी, त्याच्या कामाच्या जागी भेटतो. तेथे कोळशाच्या विस्तवावर मासळी असते. प्रभूला धरले त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्राने त्याला तीनदा नाकारले, तेव्हाही तो कोळशाच्याच विस्तवाशी शेकत उभा होता. तीन नकारांच्या जागी आता तीनदा प्रीतीविषयी विचारणा होते आणि दरवेळी मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवले जाते. पण त्याआधी प्रभू त्याला न्याहारी देतो, हे मला फार मोलाचे वाटते. तुमची मेंढरे त्या पेढीवरच आहेत. त्या हमालाशी बोललात का?

उत्तर (परिचारिका):
माझी रात्रपाळी असते, त्यामुळे पहाटेचे वाचन जमत नाही. प्रत्येक खाटेकडे जाण्यापूर्वी हात धुते, तेवढ्या वेळात त्या रुग्णाचे नाव घेऊन प्रार्थना करते. घरी सासूबाई उन्हाळाभर फाटकाबाहेर दोन माठ ठेवतात. रोज सकाळी ते घासतात, ओले गोणपाट गुंडाळतात आणि पाण्यात वाळ्याची जुडी सोडतात. तहानेल्याला पाणी दिले ते प्रभूलाच दिले, या मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील वचनाविषयी त्या कधी बोलत नाहीत. पेला मात्र साखळीने बांधायचा नाही, असा त्यांचा आग्रह आहे.

उत्तर (मंडळीतील एक सभासद):
वरील दोन्ही उत्तरे पटली, तरी एकट्याने हे फार दिवस निभत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातील विश्वासणारे घरोघरी भाकर मोडत असत. आपल्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतातील संयुक्त मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली; मग शेजारच्या दोन कुटुंबांनी आठवड्यातून एकदा एकत्र वाचायला बसणे अशक्य नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
आज हमालदादांची माफी मागितली. ते म्हणाले, “जाऊ द्या ना भाऊ.” तरीही, पोती मोजण्यातली चूक माझ्या पावतीत होती, हे मी मालकांसमोर सांगितले. बुधवारी संध्याकाळी शेजारचे कुटुंब आमच्याकडे वाचनाला येणार आहे. सुरुवात योहान २१ पासून करू.