बुसानहून एका दिवसात ग्योंगजू: काय बघावं आणि शाकाहारी आईला काय खायला घालावं?

गोदाकाठ:
ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईबाबा नाशिकहून दक्षिण कोरियातल्या बुसानला येताहेत. त्यातला एक दिवस ग्योंगजूसाठी ठेवला आहे. मंगळवार किंवा बुधवार, मुक्काम न करता रात्री परत. बुलगुक्साचं बौद्ध देऊळ, सोक्कुरामची बुद्धाची गुहा आणि गावातली राजांची थडगी एवढं एका दिवसात होईल का? रेल्वेने जावं की बसने?
दुसरा प्रश्न खाण्याचा. बाबांना सगळं चालतं. आई मांस, मासे, अंडं काहीच खात नाही. कांदा, लसूण, दूध चालतं. तिचा एक गुडघा दुखतो. सपाटीवर तासभर चालते, पण चढ आणि पायऱ्या जितक्या टाळता येतील तितक्या बऱ्या.

सह्यवाट:
होतं, फक्त क्रम चुकवू नका. डोंगराकडचं (बुलगुक्सा, सोक्कुराम) सकाळी, गावातलं दुपारी आणि वोल्जी तळं काळोख पडताना. उलट केलंत तर सोक्कुरामपाशी पोचेपर्यंत दार बंद व्हायची वेळ होते.

बुसानहून बसच घ्या. मेट्रोची १ नंबरची लाइन शेवटपर्यंत, म्हणजे नोपोपर्यंत. स्टेशनला लागूनच बस टर्मिनल आहे, तिथून ग्योंगजू साधारण ५० मिनिटं. केटीएक्स ही वेगवान रेल्वे अर्ध्या तासात पोचवते हे खरं, पण तिचं स्टेशन गावाबाहेर आहे आणि तिथून गावात यायला पुन्हा बस किंवा टॅक्सी लागते. वाचवलेला वेळ तिथेच जातो. गावातलं जुनं स्टेशन २०२१च्या डिसेंबरात बंद झालं. जुन्या प्रवासवर्णनांत "स्टेशनवरून चालत दहा मिनिटं" असं असतं ते त्या स्टेशनबद्दल, त्यावर विसंबू नका.

साडेसातची बस पकडली तर वेळ अशी बसते: सव्वाआठ-साडेआठला ग्योंगजू टर्मिनल. बाहेरच्या थांब्यावर ११ नंबरची सिटी बस, सव्वानऊच्या सुमारास बुलगुक्सा. १० आणि ११ एकाच गोल मार्गावर उलटसुलट फिरतात. जाताना ११ जवळची पडते, कारण १० आधी बोमुन तलावाला वळसा घालते. येताना बरोबर उलट, १० घ्यायची. ही गफलत फार जणांची होते आणि अर्धा तास बसमध्येच जातो.

बुलगुक्सावरून सोक्कुरामला १२ नंबरची बस जाते, साधारण तासाला एक. देवळात शिरण्याआधीच थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा आणि देऊळ त्या वेळेच्या हिशेबाने बघा. बस हुकली तर सरळ टॅक्सी करा. जंगलातून पायवाट आहे, सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, पण सगळा चढ. आईंसाठी ती विसरा.

नकाशासाठी नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप उतरवून घ्या. कोरियात गुगल मॅपवर चालत जायची वाट नीट मिळत नाही. सिटी बसला टी-मनी हे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड चालतं, तिघांची तीन वेगळी घ्या.

दगडफूल:
वरच्या आराखड्यात थोडी भर, कारण ग्योंगजूत काय बघतोय हे कळलं तर दिवस वेगळाच जातो. हे सिल्ला राज्याचं जवळजवळ हजार वर्षं राजधानीचं गाव.

बुलगुक्सा. समोरच्या दगडी जिन्यावर चढू देत नाहीत, बाजूच्या वाटेने आत जायचं असतं. गुडघ्याच्या दृष्टीने ते बरंच, तरी थोड्या पायऱ्या आहेतच. पण आत जायची घाई करू नका. जिन्याच्या बाजूच्या जोत्याजवळ जाऊन दगड बघा. खाली ओबडधोबड, जसे सापडले तसे धोंडे आणि त्यांच्यावर घडीव चिरा. चिऱ्याचा तळ खालच्या धोंड्याच्या उंचसखलपणाबरहुकूम कोरलेला आहे. धोंडा सपाट केलेला नाही, चिरा त्याच्याप्रमाणे वळवला आहे. १५९३च्या युद्धात लाकडी इमारती जळाल्या, आजच्या नंतर बांधलेल्या आहेत. जोती आणि अंगणातले दोन दगडी स्तूप मात्र आठव्या शतकातले. नक्षीदार तो दाबोताप. दहा वॉनच्या नाण्यावर हाच आहे. नाणं जवळ असेल तर शेजारी धरून बघा.

सोक्कुराम. महाराष्ट्रातून येणाऱ्याने हे सोडू नये. अजिंठा-वेरूळला आपण डोंगर कोरून लेणं केलं. इथला दगड ग्रॅनाइट, त्यात तसं खोदणं महाकठीण. म्हणून यांनी ३६० हून जास्त दगड घडवून, एकात एक बसवून घुमट रचला आणि वर मातीचा ढीग केला. लेणं कोरलेलं नाही, बांधलेलं आहे. काम सुरू झालं ७५१ साली. आत साडेतीन मीटरच्या आसपासची बुद्धमूर्ती, भूमिस्पर्श मुद्रेत. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावरून खाली, अगदी आपल्याकडच्या मूर्तींसारखी.

मूर्ती काचेपलीकडून बघावी लागते आणि फोटो काढू देत नाहीत, म्हणून पुष्कळ लोक नाराज होऊन परततात. काच का, हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा. १९१३ ते १९१५ मध्ये जपानी राजवटीत दुरुस्ती झाली तेव्हा घुमटावर काँक्रीट घातलं. दगडांच्या फटींतून गुहेचा श्वास चालायचा तो कोंडला आणि आत पाणी सुटायला लागलं, शेवाळ धरलं. १९६०च्या दशकात वर आणखी एक घुमट चढवला, तरी दमटपणा हटला नाही. शेवटी यंत्राने हवा कोरडी ठेवायची वेळ आली. आता माणसं आत सोडली तर त्यांच्या श्वासाची वाफही दगडाला बाधते.

वाहनतळापासून गुहेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालायचं, वाट जवळजवळ सपाट. शेवटी थोड्या पायऱ्या. २०२३च्या मे महिन्यापासून बुलगुक्सा आणि सोक्कुराम दोन्हीकडे तिकीट नाही.

देरुंगवॉन. गावाच्या मधोमध हिरव्या टेकड्या दिसतात ती थडगी, एकूण २३. बागेत फिरायला पैसे पडत नाहीत, त्यातल्या चोन्माचोंग या थडग्याच्या आत जायला ३ हजार वॉन. आत जाच. लाकडी खोली, तिच्यावर नदीतल्या गोट्यांची रास आणि वर माती अशी रचना कापून दाखवली आहे. लाकूड कुजलं की गोटे आत कोसळतात. चोराने भोक पाडलं तर ते वरून भरत जातं. त्यामुळेच १९७३ मध्ये खोदलं तेव्हा सोन्याचा मुकुट जागच्या जागी मिळाला.

चोमसोंगदे ही सातव्या शतकातली वेधशाळा, नऊ मीटरच्या आसपास उंच. तिला पाच मिनिटं पुरतात.

पानसुपारी:
मी खाण्याचं बोलतो. आधी आईंचं, कारण तिथेच अडतं.

कोरियात "मांस नको" म्हटलं की ताटातले मांसाचे तुकडे जातात, रस्सा तोच राहतो. तो बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या छोट्या मासळीचा असतो, म्योल्चीचा. किमचीत मीठ लावून मुरवलेली कोळंबी किंवा मासळीचं पाणी असतं, चोत्गाल म्हणतात. म्हणजे दिसायला निव्वळ कोबी आणि मुळा, पण आईंना चालणार नाही. सुंदूबूच्या मडक्यात मऊ टोफू असला तरी बहुधा शिंपले पडतात, वर कच्चं अंडं फोडतात. म्हणून रस्सा असलेलं सगळं बाजूला ठेवायचं आणि कोरडं मागवायचं.

हे वाक्य कोरियन लिपीत फोनवर मोठ्या अक्षरांत ठेवा आणि दाखवा: "कोगी, सेंगसन, ग्येरान, म्योल्ची युक्सू, चोत्गाल प्पे जुसेयो." म्हणजे मांस, मासे, अंडं, मासळीचा रस्सा, चोत्गाल वगळून द्या. नुसतं "शाकाहारी" म्हणण्यापेक्षा एकेका जिन्नसाचं नाव घेतलेलं लवकर कळतं.

सगळ्यात भरवशाचं: बुलगुक्साच्या पायथ्याची हॉटेलं. तिथे सानछे बिबिंबाप मिळतो, म्हणजे रानभाज्या घालून कालवायचा भात. अंडं आणि मांस काढायला सांगा. कोचुजांग या लाल मिरचीच्या चटणीत कधी कधी खिमा परतलेला असतो, म्हणून त्याऐवजी सोया सॉस आणि तिळाचं तेल मागा, "कांजांग, छामगिरुम". सोबत येणारं वाटीभर सूप बाबांकडे सरकवा. जोडीला तोतोरीमुक घ्या, ओकच्या फळांच्या पिठाची खरवसासारखी थरथरणारी वडी. चव किंचित तुरट, वर तिळाचं तेल आणि तिखट. त्यावरच्या मसाल्यातही चोत्गाल नाही ना, ते विचारून घ्या.

मग वरच्या आराखड्यात एक बदल करा: सोक्कुरामहून साडेबारापर्यंत खाली आलात की तिथेच जेवा आणि मग १० नंबरने गावात. गावातलं स्साम्बाप (पानात गुंडाळून खायचा भात) प्रसिद्ध आहे, देरुंगवॉनच्या आसपास ही हॉटेलं आहेत, पण ते माणशी मिळत नाही. कमीत कमी दोघांचं घ्यावं लागतं आणि टेबल भरून येणाऱ्या बशांपैकी अर्ध्याअधिक आईंना चालणार नाहीत. बाबांना हौस असेल तर रात्री मागवा. तळहातावर लेट्यूसचं पान, त्यावर उलटं पेरिलाचं पान, चमचाभर भात, मांसाचा तुकडा, नखाएवढी स्सामजांग चटणी. पानाच्या विड्यासारखं दुमडायचं आणि एका घासात तोंडात. चावून तोडलं की सगळं मनगटावर ओघळतं. भात चमचाभरच घ्या, लोक इथेच चुकतात.

बाबांसाठी आणखी एक, इथलं खास: मुक हेजांगगुक. कुट्टूच्या पिठाच्या वडीचे लांब काप, मोड आलेलं सोयाबीन, समुद्री शेवाळ आणि आंबट किमची, गरम रश्शात. मऊ, हलकं, पोटाला शांत.

गोडाबद्दल. ह्वांगनाम-पांग १९३९पासून इथे होतो. पातळ पापुद्रा आणि आत लाल घेवड्याचं पुरण. पुरणच जास्त, पोळीवाल्यांना पटेल असं प्रमाण. गरम असतानाच खायचा. पण पिठात अंडं असतं, आणि जवाच्या दोन चकत्यांमधल्या छालबोरी-पांगमध्येही. "ब्रेड आहे, चालेल" म्हणून आईंना देऊ नका. ह्वांगनिदान-गिल या रस्त्यावर दहा वॉनच्या नाण्याच्या आकाराचा पाव मिळतो, आत चीज. तारा ओढून फोटो काढायला छान, पण पिठात अंडं तिथेही.

गोदाकाठ:
खूप उपयोगी, दोघातिघांचे आभार. अंड्याचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. दोन शंका. सोंगदोंग बाजाराबद्दल ऐकलंय, तिथे आईला काही मिळेल? आणि संध्याकाळचा क्रम कसा ठेवू?

पानसुपारी:
बाजारात वीसेक प्रकारच्या भाज्या परातींत मांडलेल्या असतात, हवं ते वाढून घ्यायचं. बघायला मजा आहे, पण कुठल्या भाजीत मासळीचं पाणी पडलंय हे वाढणाऱ्या मावशींनाही चटकन सांगता येत नाही. तिथलं प्रसिद्ध किंबाप म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात आणि वर पाकात शिजवलेल्या बर्डॉकच्या मुळाच्या बारीक काड्या. बाबांना जरूर द्या. आईंसाठी नको, कारण गुंडाळ्या आधीच करून ठेवतात, त्यातून अंडं काढता येत नाही.

आईंची संध्याकाळ घरून नेलेल्या दशम्या-चटणीवर निभवा. कमी पडलं तर कुठल्याही सेवन-इलेव्हनमध्ये केळी, सोया दूध आणि मायक्रोवेव्हमध्ये दीड-दोन मिनिटांत होणारा साधा भात मिळतो. हॉटेलात बसायचं तर एक लक्षात ठेवा: पुष्कळ हॉटेलं दुपारी ३ ते ५ बंद असतात आणि शेवटची ऑर्डर आठच्या आधीच घेतात.

दगडफूल:
संध्याकाळ अशी: चोन्माचोंग झालं की साडेतीनला टॅक्सीने राष्ट्रीय संग्रहालय. कायमचं दालन मोफत, सहाला बंद. वेळ कमी असेल तर सोन्याचे मुकुट आणि अंगणातली घंटा, एवढंच. घंटा ७७१ सालची, १८.९ टनांची. बाजूवरच्या उडत्या अप्सरा बघा आणि मग डोक्यावरच्या ड्रॅगनशेजारची पोकळ नळी. ती कोरियन घंटांचीच खूण.

तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला वोल्जी तळ्यावर पोचा, संग्रहालयापासून चालत दहा मिनिटं, सपाट. तिकीट ३ हजार वॉन. आत शिरल्यावर लगेच फोटोंच्या मागे लागू नका, आधी तळ्याच्या पलीकडच्या काठाला जा. आकाश निळं असेपर्यंतच मंडपांची प्रतिबिंबं स्वच्छ उमटतात; पुरता काळोख झाला की दिवे पाण्यात भगभगीत दिसतात. ती पंधरा-वीस मिनिटं महत्त्वाची. तळं ६७४ सालचं. १९७५ मध्ये गाळ काढताना त्यात १४ बाजूंचा लाकडी फासा सापडला, प्रत्येक बाजूवर पिणाऱ्याला द्यायची शिक्षा कोरलेली. मूळ फासा वाळवताना जळून गेला, आता प्रतिकृती आहे.

तिथून चोमसोंगदे दिव्यांत दिसतोच. आईंचे पाय शिणले असतील तर वोलजोंगग्यो पूल सोडा. आताचा पूल २०१८ मध्ये खुला झाला, सुंदर आहे, पण नवा बांधलेला आहे.

सह्यवाट:
परतीचं तिकीट सकाळी उतरल्या उतरल्या टर्मिनलच्या खिडकीवरच काढून ठेवा, आठ-साडेआठचं. शेवटची बस कितीची ते तेव्हाच विचारून घ्या. वोल्जीच्या बाहेर संध्याकाळी टॅक्सी चटकन मिळत नाही. चोमसोंगदेकडून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलात की मिळते. दिवसा कितीही ऊन असलं तरी आईंना स्वेटर घ्यायला सांगा. ऑक्टोबरात तोहाम डोंगरावर (बुलगुक्सा-सोक्कुरामचा डोंगर) सकाळी आणि तळ्याकाठी संध्याकाळी चांगलाच गारठा असतो.