ढगू खाली अर्धा तास हिंडतो आणि घरात येऊन शू करतो

मृण्मयी_ठाणे:
ढगू आमचा काळा लॅब्रॅडॉर, तीन महिन्यांचा, वजन ११ किलो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहाटे साडेपाचला उचलून खाली नेते. अर्धा तास वास घेत फिरतो, पानं चघळतो, करत काहीच नाही. वर येऊन दार लावलं की दोन मिनिटांत काथ्याच्या पायपुसण्यावर शू. परवा देवघराच्या उंबऱ्याशी शी केली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, बादली घेऊन स्वतःच पुसायला बसल्या. मला फार वाईट वाटलं. नवऱ्याने त्याचं नाक त्यात घासलं, तेव्हापासून तो सोफ्यामागे जाऊन करतो. मी दिवसातून तीनदा फिनाइलने पुसते. लसीचा शेवटचा डोस बाकी आहे, म्हणून फक्त सोसायटीच्या आवारातच फिरवते. कुठे चुकतंय?

शेफर्डवाले_काका:
ताई, नाक घासणं आजपासून बंद. पिल्लू त्यातून एवढंच शिकतं की माणसांदेखत शू केली तर मार बसतो. मग घरात लपून करतं आणि खाली तुम्ही शेजारी उभ्या असलात तर धरून ठेवतं.

एक विचारतो, जिथून आणलं तिथे ते वर्तमानपत्रावर वाढलंय का? तसं असेल तर पायाखाली कागद, कापड, काथ्या लागला की त्याला ती शूची जागा वाटते. माती त्याला नवी आहे. सगळी पायपुसणी महिनाभर उचलून ठेवा. घरात झालेली शू कागदाने टिपा, तो कागद खाली कोपऱ्यात मातीवर ठेवा, वर दगड ठेवा. रोज त्याच कोपऱ्यात न्या.

खाली काही केलं नाही तर वर आणून मोकळं सोडू नका. त्याचा पट्टा तुमच्या कमरेला बांधून त्याला शेजारी बसवा, पंधरा मिनिटांनी परत खाली. तीन मजले पुन्हा पुन्हा, मला कळतंय. पण या वयात त्याला जिने चढायला-उतरायला लावू नका. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खुब्याला ते बरं नाही. तुम्ही आणि नवऱ्याने पाळ्या लावा.

माझ्या पहिल्या शेफर्डच्या वेळची चूक सांगतो. त्याची शू झाली की मी लगेच वर आणायचो, दुकान उघडायची घाई. पंधरा दिवसांत तो धरून ठेवायला शिकला, कारण शू झाली की बाहेरची मजा संपते हे त्याला पक्कं कळलं होतं. शू झाली की तिथल्या तिथे खाऊ द्या आणि खेळ त्यानंतर सुरू करा.

गार्गी_औंध:
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. फिनाइलचा वास आपल्याला येतो, त्याला खालचा शूचा वास येतच राहतो. टाइल्स असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. मार्बल किंवा शहाबादी असेल तर व्हिनेगर नको, फरशी खराब होते. तिथे एन्झाइमवालं क्लीनर वापरा.

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर लगेच न्या. या वयात तीन-चार तासांपेक्षा जास्त धरवत नाही, त्यामुळे रात्री दोनचा गजर लावावाच लागेल. पाणी मात्र तोडू नका. थेंब थेंब, दर दहा-पंधरा मिनिटांनी होत असेल तर शिकवण्याचा प्रश्न नाही, लघवी तपासून घ्या.

मृण्मयी_ठाणे:
नऊ दिवसांनी लिहितेय. काका, बरोबर ओळखलंत, तो कागदावरच वाढलेला. पायपुसणी उचलली. तीन दिवस काही फरक नव्हता, मला रडू यायचं. चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्याने नेलं आणि कागदाशेजारी मातीवर शू झाली! त्याने खालूनच फोन केला. काल घरात फक्त एकदा, तेही आम्ही जेवत होतो म्हणून उशीर झाला. रात्री दोनची पाळी सासूबाई मागतायत, तेव्हा त्यांना जाग असतेच. उचलायचं मात्र नवराच, ढगू आता १२ किलोचा झालाय.