घड्याळातल्या कॅलऱ्या

कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाची फेरी एकच, चालही बरोबरीची, मग दोघांच्या स्मार्ट घड्याळांत जळालेल्या कॅलऱ्या वेगळ्या का, असं एकानं विचारलंय. वेगळ्या येणारच की! घड्याळ कॅलरी मोजत नाही, अंदाज बांधतं. मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्तावरून हृदयाचे ठोके टिपतो, आतला सेन्सर हाताची हालचाल. त्यात तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची घालायची आणि कंपनीचं सूत्र लावायचं. ते प्रत्येक कंपनीचं निराळं. शिवाय नुसतं बसूनही जळणाऱ्या कॅलऱ्या काही आकड्यांत धरलेल्या असतात, काहींत नसतात. आधी तेवढं बघा.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावर बांधायची अशी ७ उपकरणं तपासली होती. ६ उपकरणांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत त्यातलं सगळ्यात चांगलंसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं. सगळ्यात वाईट ९३ टक्के! उपकरणं आता जुनी झाली, हे खरं.

चालण्या-पळण्यात त्यातल्या त्यात बरं जमतं. तालमीत मात्र घोळ. जोर मारताना मनगट दुमडतं, घड्याळ कातडीपासून सुटतं, ठोकेच नीट मिळत नाहीत. वजन उचलताना उलटं: ठोके चढतात, पण त्या मानानं ऑक्सिजन खर्च होत नाही, मग आकडा फुगतो. त्या आकड्यावर मिसळीला जादा पाव मागवत असाल तर सांभाळून.

पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट बांधा. छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा घेतलात तर ठोके जास्त नेमके मिळतील, कॅलरी तरीही अंदाजेच.